रुग्णसंख्येचा आलेख दर आठवड्याला शेवटीच का घसरतो? नोंदविलंबाचे निदान आणि दुरुस्ती

रोगसर्वेक्षणाच्या माहितीवर काम करणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. लक्षणे सुरू झाल्याच्या तारखेनुसार रुग्णसंख्येचा आलेख काढला की शेवटचे दोन-तीन आठवडे खाली झुकलेले दिसतात. पुढच्या आठवड्यात नवी माहिती येते तेव्हा तोच भाग वर सरकतो आणि आता त्याच्या पुढचे आठवडे झुकलेले असतात. साथ ओसरू लागल्याचे दर आठवड्याला वाटते आणि दर आठवड्याला ते खोटे ठरते. या झुकावावर विसंबून ताप सर्वेक्षणाची पथके मागे घेतली गेली किंवा खाटा कमी केल्या गेल्या, तर त्याची किंमत रुग्णांना मोजावी लागते. म्हणून हा दोष केवळ आलेखाच्या देखणेपणाचा आहे असे मानू नये.

कारण साधे आहे. माणूस आजारी पडतो, काही दिवसांनी दवाखान्यात जातो, नमुना घेतला जातो, प्रयोगशाळेचा निकाल येतो, स्थानिक पातळीवर नोंद होते आणि शेवटी ती नोंद मध्यवर्ती प्रणालीत पोहोचते. चार आठवड्यांपूर्वी आजारी पडलेल्यांपैकी जवळजवळ सगळे आज आपल्या यादीत असतात, पण या आठवड्यात आजारी पडलेल्यांपैकी ज्यांचा हा सगळा प्रवास झटपट झाला तेवढेच असतात. संख्याशास्त्रात याला उजवीकडून छाटलेली माहिती म्हणतात. आलेखाचे उजवे टोक अपुरे असते, आणि ते किती अपुरे आहे याचा अंदाज करून आजची खरी संख्या काढण्याच्या रीतीला नाऊकास्टिंग असे नाव रूढ झाले आहे. कधीच नोंदले न जाणारे रुग्ण या रीतीने सापडत नाहीत, हे आरंभीच स्पष्ट असावे. आज ना उद्या जे यादीत येणारच आहेत, त्यांचाच अंदाज इथे होतो.

आधी दोष हाच आहे याची खात्री करावी

आजच्या माहितीची प्रत आणि महिन्यापूर्वीची प्रत घेऊन दोन्ही आलेख एकावर एक काढावेत. जुने आठवडे तंतोतंत जुळत असतील आणि फरक फक्त जुन्या प्रतीच्या शेवटच्या टोकाला असेल, तर दोष विलंबाचाच आहे. संपूर्ण आलेखच वर किंवा खाली सरकलेला असेल, तर रुग्णाची व्याख्या बदलली असावी, दुबार नोंदी काढल्या गेल्या असाव्यात किंवा एखाद्या विभागाची जुनी माहिती एकगठ्ठा भरली गेली असावी. अशा वेळी खाली सांगितलेली कोणतीही पद्धत लावू नये, कारण ती त्या बदलालाही विलंब समजून चुकीची दुरुस्ती करील.

या झुकावावर दोन सोपे उपाय सर्रास केले जातात आणि दोन्ही अपुरे आहेत. पहिला म्हणजे आलेख नोंदीच्या तारखेनुसार काढणे. त्याने झुकाव नाहीसा होतो खरा, पण साथीची चढउतार उशिरा आणि पसरट दिसू लागते, शिवाय सुट्टीनंतरच्या दिवशी कृत्रिम उंचवटे येतात. दुसरा उपाय म्हणजे शेवटचे दोन आठवडे आलेखातून वगळणे. हा उपाय प्रामाणिक आहे, पण निर्णयासाठी ज्या आठवड्यांची सर्वांत जास्त गरज असते नेमके तेच त्यात हातचे जातात.

दोन तारखांशिवाय दुरुस्ती होत नाही

प्रत्येक रुग्णासाठी घटनेची तारीख आणि ती घटना आपल्या यादीत प्रथम दिसली ती तारीख, अशा दोन तारखा हव्यात. अनेक प्रणालींमध्ये 'शेवटचा बदल' असा रकाना असतो आणि तोच नोंदीची तारीख म्हणून वापरला जातो. ही घोडचूक आहे, कारण पत्त्यातली एखादी चूक सुधारली तरी ती तारीख पुढे सरकते आणि विलंब आहे त्याहून मोठा दिसतो. प्रणाली जुनी माहिती पुसून त्यावरच नवी लिहीत असेल, तर आजपासून दररोज पूर्ण यादीची तारीखवार प्रत जपून ठेवावी. लागोपाठच्या दोन प्रतींमधला फरक हीच त्या दिवसाची नवी आवक असते. काही आठवड्यांत आकडेमोड सुरू करण्याइतकी सामग्री जमते. इतिहास जपलेला नसेल तर कितीही प्रगत प्रतिमान (मॉडेल) आणले तरी ते विलंब कुठून शिकणार?

त्रिकोणी तक्ता आणि त्याची आकडेमोड

आता माहिती अशी मांडावी की ओळीत लक्षणे सुरू झाल्याचा आठवडा येईल आणि स्तंभात विलंब. समजा, कोणतीही नोंद तीन आठवड्यांहून जास्त उशिरा येत नाही आणि आपण पाचव्या आठवड्याच्या शेवटी उभे आहोत. त्याच आठवड्यात, एका आठवड्यानंतर, दोन आठवड्यांनंतर आणि तीन आठवड्यांनंतर एकूण किती रुग्ण नोंदले गेले होते, ते आकडे पुढीलप्रमाणे आहेत असे धरू.

पहिला आठवडा: ४०, ८०, ९५, १००
दुसरा आठवडा: ४४, ९०, १०७, ११२
तिसरा आठवडा: ५२, १०२, १२२
चौथा आठवडा: ६०, १२२
पाचवा आठवडा: ६६

प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडा घेतला तर आलेख १००, ११२, १२२, १२२, ६६ असा दिसतो. वाढ थांबली आणि मग साथ कोसळली, असे कोणीही म्हणेल. पण पहिला स्तंभच वरून खाली वाचला तर ४०, ४४, ५२, ६०, ६६ असे आकडे मिळतात, म्हणजे समान विलंबावर तुलना केली तर दर आठवड्याला वाढच आहे. कोणतेही प्रतिमान न लावता इतके तरी लगेच पाहता येते, आणि ते नेहमी आधी पाहावे.

पुढची पायरी गुणकांची. पहिल्या चार आठवड्यांत त्याच आठवड्यात नोंदलेले रुग्ण एकूण १९६ होते, ते एका आठवड्यानंतर ३९४ झाले, म्हणून पहिला गुणक २.०१. तसेच पहिल्या तीन आठवड्यांचे २७२ वरून ३२४ झाले, म्हणून दुसरा गुणक १.१९, आणि पहिल्या दोन आठवड्यांचे २०२ वरून २१२ झाले, म्हणून तिसरा १.०५. तिसऱ्या आठवड्याच्या १२२ ला फक्त शेवटचा गुणक लावायचा, चौथ्या आठवड्याच्या १२२ ला शेवटचे दोन आणि पाचव्या आठवड्याच्या ६६ ला तिन्ही. गुणक मध्येच पूर्णांकित न करता हिशेब केला तर दुरुस्त आलेख १००, ११२, १२८, १५३, १६६ असा येतो. कोसळलेली म्हणून जाहीर होऊ शकली असती ती साथ प्रत्यक्षात चढतीच आहे.

ही पद्धत विमाशास्त्रातून आली असून तिथे तिला चेन लॅडर म्हणतात. अपघात घडून गेला आहे, पण दावा अजून दाखल झालेला नाही, अशा दाव्यांसाठी किती रक्कम बाजूला ठेवायची हा विमा कंपन्यांचा जुना प्रश्न आहे आणि त्याचे गणित आपल्या गणिताहून वेगळे नाही. साथरोगशास्त्रात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एड्सच्या आकडेवारीमुळे हा विषय ऐरणीवर आला, कारण तेव्हा निदान आणि नोंद यांच्यात कित्येक महिन्यांचे, क्वचित वर्षांचेही अंतर पडत असे. संख्याशास्त्रज्ञ जेरी लॉलेस यांनी १९९४ मध्ये ही रीत घडून गेलेल्या पण अद्याप न नोंदलेल्या घटनांसाठी सर्वसाधारण स्वरूपात मांडली.

विलंबाचे वितरण काढताना होणारी नेहमीची चूक

पुष्कळ जण गुणक काढण्याऐवजी हाताशी असलेल्या सर्व नोंदींचा विलंब मोजतात आणि किती टक्के नोंदी किती उशिरा येतात हे त्यावरून थेट काढतात. वरच्याच तक्त्यात ही चूक काय करते ते पाहावे. आतापर्यंतच्या एकूण ५२२ नोंदींपैकी २६२ त्याच आठवड्यात आल्या, म्हणजे ५० टक्के. गुणकांच्या हिशेबाने मात्र हे प्रमाण ४० टक्के आहे. फरक पडतो, कारण अलीकडच्या आठवड्यांतल्या फक्त लवकर आलेल्या नोंदी आपल्या मोजणीत आहेत, उशिरा येणाऱ्या अजून वाटेवर आहेत. त्याच आठवड्यासाठी ५० टक्के आणि, तशाच मोजणीने, एका आठवड्यापर्यंत ८८ टक्के धरून दुरुस्ती केली तर चौथा आठवडा सुमारे १३८ आणि पाचवा सुमारे १३१ येतो. म्हणजे दुरुस्ती करूनही शेवटी झुकाव उरतो, आणि आता तो अधिक घातक असतो, कारण विलंब हिशेबात घेतला आहे असे आपण छातीठोकपणे सांगत असतो.

साथ जितक्या वेगाने वाढत असेल तितका हा दोष मोठा, कारण अलीकडच्या रुग्णांचा वाटा तितका जास्त. यावर दोन मार्ग आहेत. विलंब फक्त अशा जुन्या आठवड्यांवरून मोजावा ज्यांची माहिती पूर्ण झाली आहे, पण मग विलंबात नुकताच झालेला बदल हाती लागत नाही. किंवा छाटणी लक्षात घेणारी सशर्त संभाव्यता वापरावी, म्हणजे 'विलंब जास्तीत जास्त इतका असेल तर तो नेमका इतका असण्याची शक्यता किती' असा प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारावा. वरचे गुणक हेच काम करतात, आणि शक्यतो हाच मार्ग धरावा असे माझे मत आहे.

एक आकडा पुरत नाही

१६६ हा आकडा एकटा जाहीर करणे योग्य नाही. त्याच आठवड्यात नोंद होण्याचे ४० टक्के प्रमाण अगदी अचूक माहीत आहे असे धरले, तरी केवळ योगायोगामुळे पाचव्या आठवड्याची खरी संख्या साधारण १३५ ते १९७ च्या दरम्यान कुठेही असू शकते. या पल्ल्यात १५३ येतो, म्हणून चौथ्याहून पाचवा आठवडा मोठाच असे ठामपणे म्हणता येत नाही. ६६ मात्र त्यात कुठेच नाही. गुणकांमधली अनिश्चितता आणि नोंदींचा विस्कळीतपणा मिळवल्यावर पल्ला आणखी रुंदावतो.

चेन लॅडरचे उत्तर आणि ओळ व स्तंभ हे दोन घटक घेतलेल्या पॉयसन समाश्रयणाचे (मोजणीच्या आकड्यांसाठीच्या रिग्रेशनचे) उत्तर एकच येते. त्यामुळे हा हिशेब कोणत्याही संख्याशास्त्रीय आज्ञावलीत सहज बसवता येतो. फक्त पॉयसन वितरणात प्रचरण, म्हणजे आकड्यांचा पसारा, मध्याइतकेच असते आणि रोगांच्या नोंदी गठ्ठ्याने येतात, म्हणून त्यावर आधारलेला पल्ला हमखास अरुंद निघतो. त्याऐवजी जास्त पसारा सामावून घेणारे ऋण द्विपद वितरण घ्यावे. शिवाय चेन लॅडरमध्ये शेवटच्या आठवड्याचा सारा भार तक्त्यातल्या एका चौकटीवर असतो. तिथे योगायोगाने शून्य आले तर अंदाजही शून्य. कमी रुग्णांच्या रोगांत किंवा लहान क्षेत्रात हे वारंवार घडते, आणि अशा वेळी लागोपाठच्या आठवड्यांची संख्या एकमेकींना धरून चालते असे गृहीतक जोडणारी बेझियन (आधीचे गृहीतक आणि हाती आलेले आकडे एकत्र करणारी) प्रतिमाने कामी येतात. 'नॉब्ज' हे आर या संगणकीय भाषेतले पॅकेज तेच करते, 'सर्व्हेलन्स' आणि 'एपिनाऊकास्ट' या पॅकेजांमध्येही नाऊकास्टिंगची सोय आहे. जर्मनीत २०११ मध्ये मेथीच्या मोडांमुळे पसरलेल्या ई. कोलाय जिवाणूच्या साथीत मूत्रपिंडांवर परिणाम झालेले ८५५ रुग्ण नोंदले गेले. त्या साथीच्या नोंदींवर मिखाएल ह्योले आणि माथियास आन डेर हायडन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले बेझियन विवेचन या क्षेत्रात काम करणाऱ्याने आवर्जून वाचावे.

विलंबच बदलत असेल तर

माझ्या मते या कामातला सर्वांत अवघड भाग हाच आहे आणि बहुतेक अपयशांचे मूळही इथेच सापडते. वरच्या सगळ्या गणिताचा पाया असा की येत्या आठवड्यांत नोंदी पूर्वीच्याच गतीने येतील. साथ भडकली की प्रयोगशाळांवर ताण येतो, नमुने तुंबतात आणि विलंब वाढतो. जुने गुणक लावले तर संख्या कमी भरते, तीही नेमकी चढत्या काळात. याउलट कागदी नोंदींऐवजी ऑनलाइन नोंदी सुरू झाल्या तर विलंब घटतो आणि जुने गुणक संख्या अवाच्या सवा फुगवतात.

शेवटच्या आठवड्यासाठी आपल्या हातात एकच चौकट असते हे लक्षात घ्यावे. वरच्या तक्त्यातला ६६ हा आकडा रुग्ण वाढल्यामुळे आला असेल किंवा रुग्ण तेवढेच राहून नोंदणी जलद झाल्यामुळेही आला असेल. त्या एका आकड्यावरून ही दोन कारणे वेगळी करणे गणिताने शक्य नाही. तो निवाडा बाहेरच्या माहितीवरच होतो. प्रयोगशाळेत तपासणीविना पडून असलेल्या नमुन्यांची संख्या, नमुना घेतल्यापासून निकालापर्यंतचा काळ, नोंदणी प्रणालीतल्या बदलांची तारीख, या गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात. संगणकासमोर बसून प्रतिमानाची गृहीतके बदलत राहण्यापेक्षा प्रयोगशाळेला केलेल्या एका फोनने बरेचदा अधिक उलगडा होतो.

प्रतिमानाच्या बाजूने करण्यासारखी गोष्ट म्हणजे गुणक अलीकडच्या ठरावीक काळावरूनच काढणे. काळ लांब घेतला तर अंदाज स्थिर राहतात पण बदल उशिरा कळतो, आखूड घेतला तर बदल लवकर कळतो पण अंदाज दर आठवड्याला हेलकावे खातात. किती काळ घ्यावा याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. जुन्या प्रतींवर वेगवेगळे काळ वापरून पाहावेत आणि कमी चुकणारा निवडावा.

रोजच्या आकड्यांवर काम करताना वारांचा परिणामही इथेच बसवायचा. रविवारी नोंदी कमी आणि सोमवारी जास्त येत असतील, तर हा परिणाम नोंदीच्या वाराचा आहे, लक्षणे सुरू झाल्याच्या वाराचा नाही. तो चुकीच्या तारखेला जोडला तर दर सोमवारी अंदाज उसळतो. सणासुदीच्या सुट्ट्यांसाठी त्या दिवसाला रविवारसारखे वागवणे ही तात्पुरती पण उपयुक्त युक्ती आहे.

माहितीतल्या खोडी

लक्षणांची तारीख रिकामी असलेल्या नोंदी सरसकट वगळू नयेत. बरेचदा ही तारीख नंतर चौकशी करून भरली जाते, त्यामुळे अलीकडच्या नोंदींत ती जास्त वेळा रिकामी असते, आणि वगळल्याने शेवटचा झुकाव आणखी वाढतो. तारीख असलेल्या रुग्णांवरून लक्षणे ते नोंद हे त्या काळातले अंतर शिकून उरलेल्यांच्या तारखा अनेक वेळा संभाव्यतेने भराव्यात आणि प्रत्येक भरणीवर नाऊकास्टिंग चालवावे. नोंदीच्या तारखेवरून मागे मोजलेले हे अंतर साथीच्या चढउताराबरोबर बदलते (साथ चढत असताना ते आखूड दिसते), म्हणून ते जुन्या काळातून उचलून वापरू नये.

दुसरी खोड वजा आकड्यांची. तपासणीअंती काही रुग्ण यादीतून काढले जातात आणि मग एखाद्या चौकटीत आवक उणे येते. मोजणीची वितरणे असा आकडा स्वीकारतच नाहीत, आणि तिथे शून्य घातले तर एकूण बेरीज फुगते. शेवटी कायम राहिलेल्या रुग्णांचीच प्रथम नोंद मोजावी आणि अजून पक्क्या न झालेल्या नोंदींपैकी किती गळतात याचे प्रमाण स्वतंत्रपणे काढावे, ही रीत अधिक भरवशाची आहे.

कमाल विलंब ठरवताना फार ओढाताण करू नये. जुन्या, पूर्ण झालेल्या आठवड्यांतल्या जवळजवळ सगळ्या नोंदी ज्या मर्यादेत येतात ती मर्यादा धरावी आणि त्यापुढच्या तुरळक नोंदी शेवटच्या स्तंभात मिळवाव्यात.

जाहीर करण्यापूर्वीची परीक्षा

जपून ठेवलेल्या प्रतींचा खरा उपयोग इथे होतो. काही महिन्यांपूर्वीच्या एकेका आठवड्यात जाऊन, त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवरच अंदाज काढावा आणि आज पूर्ण झालेल्या आकड्याशी ताडून पाहावा. ९५ टक्क्यांचा पल्ला खरोखरच शंभरातल्या सुमारे ९५ वेळा खऱ्या संख्येला कवेत घेतो का? तो ७० वेळाच घेत असेल तर पल्ला अरुंद आहे, आणि वितरण किंवा विलंबाचे गृहीतक तपासावे. चुका सतत एकाच बाजूला होत असतील, तर विलंब बदललेला आहे. चढत्या आणि उतरत्या काळातल्या चुका वेगवेगळ्या मोजाव्यात, कारण त्यांची सरासरी काढली की दोन्हीकडच्या चुका एकमेकींना झाकतात.

प्रसाराचा दर्शक (एक रुग्ण सरासरी किती जणांना संसर्ग देतो तो आकडा) काढायचा असेल तर त्याला दुरुस्त आलेखाची एकच मधली रेषा देऊ नये. नाऊकास्टिंगमधून मिळालेल्या अनेक संभाव्य आलेखांपैकी प्रत्येकावर दर्शक काढला तरच त्याचा पल्ला खरा राहतो. संसर्ग ते लक्षणे हे अंतर मात्र नाऊकास्टिंगने दुरुस्त होत नाही. ते वेगळे हाताळावे लागते, आणि त्यासाठी सगळा आलेख सरासरी दिवसांनी मागे सरकवणे अचूक नाही, कारण प्रत्येकाचे अंतर वेगळे असते आणि साथीची वळणे त्यात पुसट होतात.

आलेख छापताना नोंदलेले रुग्ण गडद स्तंभात, अपेक्षित भर त्यावर फिक्या रंगात आणि पल्ला उभ्या रेषेने दाखवावा. माहिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे हे आलेखावरच लिहावे. पल्ला फारच रुंद असेल, उदाहरणार्थ चालू आठवड्यातले पहिले एक-दोन दिवस, तर त्या दिवसांचा अंदाज दाखवू नये आणि तो का दाखवलेला नाही हे आलेखाखालच्या ओळीत सांगावे.